लाल रिबिनी

आज शेळगावच्या शाळेत लेझीम वाजली आणि चाळिशीला आलेली माझी सुमन अंगणात पावलं टाकू लागली.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. बोलायची नाही, पण लेझीम नुसती बघून शिकली. सव्वीस जानेवारीला तिच्या वेण्यांना लाल रिबिनी बांधून मी तिला शाळेत नेलं. फाटकाशीच बाईंनी अडवलं.

“हिला आज खेळवता येणार नाही.”

“का वं बाई? महिनाभर तुमीच शिकवलं की.”

बाईंनी मान खाली घातली. “काल तुमचे मालक येऊन गेले. पाहुण्यांसमोर नको म्हणाले.”

मालक झेंड्यापाशी पाहुण्यांत बसले होते. सुमननं त्यांना हात केला. त्यांनी तोंड फिरवलं.

त्या रिबिनी बारामतीच्या बाजारातनं त्यांनीच आणल्या होत्या. सुमनला सोबत नेऊन, तिच्याच आवडीच्या रंगाच्या.