चिकटवलेले दोन सेकंद

आमच्या घरात हात आधी चालतो आणि तोंड नंतर. वडील बैलाला, आईला आणि आम्हाला एकाच चाबकाने मारायचे. दादा पैलवान झाला तो कुस्तीच्या नादापेक्षा या घरात कुणी अंगावर येऊ नये म्हणून, असं माझं मत आहे. मीही काही गरीब गाय नव्हे. सातवीत एका मुलाने ओढणी ओढली तेव्हा मी त्याच्या पाठीत कंपासचं टोक खुपसलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं त्यात एकटा दादाच राक्षस ठरायला नको.

मी नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि पीएच.डी. करते. विषय सांगायला लागले की पहिल्याच वाक्याला लोकांना जांभया येतात, म्हणून सोपं करते. कार्बनच्या अणूंची एक नळी असते, केसापेक्षा हजारो पट बारीक. तिच्या पोटात कॅन्सरचं औषध भरायचं आणि ती थेट कॅन्सरच्या पेशीत घुसवायची. म्हणजे औषध अंगभर आग लावत फिरणार नाही, हवं तिथेच उतरेल. ही झाली कल्पना. माझ्या हातात मात्र ना नळी आहे ना औषध. माझ्याकडे एक कॉम्प्युटर आहे. त्यात प्रत्येक अणू म्हणजे चार आकडे, आणि ते अणू एकमेकांना कसे ओढतील, कसे ढकलतील याचं गणित तो आठवडेच्या आठवडे करत बसतो.

बाहेरून हे काम शांत दिसतं, आतून ते मारामारीचंच आहे. दोन अणू चुकून फार जवळ ठेवले गेले की ते एकमेकांना असे झटकतात की सगळी मांडणी उधळते, पेशीचं आवरण फाटतं, पाणी चहूकडे उडतं आणि प्रोग्राम बंद पडतो. असं झालं की मी टेबलावर मुठी आपटायचे. आणखी एक गोष्ट. नळी आपणहून पेशीत शिरायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्या वेळाचं गणित माझ्या कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून मी तिला मागून जोर लावते. या कामात तशी रीतच आहे. जोर लावलाय हे शोधनिबंधात स्पष्ट लिहायचं असतं, त्यामुळे त्यात लबाडी नाही.

लबाडी मी नंतर केली. कॉलेजात विज्ञान दिनाला माझ्या नळीचा व्हिडिओ दाखवायचा होता. नळी आवरण फोडून आत घुसते, औषध सुटतं आणि व्हिडिओ संपतो. बघणाऱ्याला वाटायचं, बरं, मग पुढे काय? म्हणून मी दुसऱ्या एका प्रोग्राममधून शेवटी दोन सेकंद तयार करून चिकटवले. त्यात पेशी लाल होते, थरथरते आणि तिच्या चिंधड्या उडतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्यासुद्धा मारल्या. तो व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला.

आठवडाभरात पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध माझा फोटो, भोवती गॉगल लावलेले शुभेच्छुक आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सरवर औषध शोधणारी गावची लेक’. आमच्याकडे पोरगी बारावी पास झाली तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळे मला हसू आलं. मारुतीच्या देवळासमोर सत्कार झाला. शाल आणि नारळ घेतल्यावर माझ्या हातात माईक दिला. औषध मी शोधलेलं नाही, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण समोर दादा बसला होता. जत्रेच्या हगाम्यात कुस्ती मारून आला तरी वडिलांनी ज्याच्या पाठीवर कधी हात ठेवला नाही, तो माणूस माझ्यासाठी छाती फुगवून बसला होता. त्याला बघून मला बरं वाटलं आणि स्वतःचंही कौतुक वाटलं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

दिवाळीनंतर दादाच्या गालात आतून जखम झाली. तंबाखू-सुपारीचा मावा तो सोळाव्या वर्षापासून चघळत होता. नगरला तपासलं तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी औषधाचे तीन डोस आणि मग ऑपरेशन, गाठ अजून हाताबाहेर गेलेली नाही. पहिल्या डोसला मी सोबत होते. दादा आतडी बाहेर पडतील इतका ओकला. ज्याला चार जण हलवू शकत नव्हते, तो भिंत धरून मोरीपर्यंत जायला लागला. मग कॉलेजात परीक्षा आल्या. फोन केला की तो म्हणायचा, डोस चालू हायेत, तू तुपलं काम बघ. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

तीन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. ती आपणहून कधी फोन करत नाही. म्हणाली, ताई, तुमी या, पण मी बोलावलं असं सांगू नका. मी दुपारच्या एसटीने गेले.

दादा ओट्यावर बसला होता. अर्धं तोंड टॉवेलने बांधलेलं. मी तो ओढून काढला. गालाला बाहेरून भोक पडलं होतं आणि त्यातून लाळ गळत होती. त्याच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर माझा व्हिडिओ चालू होता.

“बघ कसा फुटतो,” तो म्हणाला. जबडा उघडत नसल्याने शब्द चिरडून येत होते. “एकच डाव, चीत.”

एका डोसनंतर तो परत गेलाच नव्हता, हे त्याच्याच तुटक बोलण्यातून कळलं. त्याचा विचार अगदी सरळ होता. दवाखान्यातल्या औषधाने अख्खा माणूस मरतो, बहिणीची नळी आली की फक्त गाठ मरणार, मग तो नरक कशाला भोगायचा? तोवर कळ काढायची तयारी होती, आणि कळ काढणं त्याला तालमीपासून येत होतं. मला काही कळू द्यायचं नाही अशी त्याने घरात तंबी दिली होती. घाबरून माझ्या कामात चूक झाली तर आपलीच नळी बिघडेल, अशी त्याला भीती होती.

माझं डोकं फिरलं. मी मोबाईल हिसकावला आणि धुण्याच्या दगडावर आपटला. त्याने माझ्या कानाखाली अशी दिली की मी ओट्यावरून खाली गेले. हाताला पाण्याचा तांब्या लागला, तो मी नेम धरून फेकला. त्याचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरत असतानाच तो खाली आला, एका हाताने माझा गळा धरला आणि मला भिंतीवर दाबलं. अंगात काही उरलं नव्हतं, पण पंजा पैलवानाचाच होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गोठ्यात कडवळाचा चारा तोडत असलेली वहिनी कोयत्यासकट धावत आली आणि कोयता तिने त्याच्या मनगटावर टेकवला.

“सोडा, न्हाईतर हात तोडीन,” ती म्हणाली. तिने तोडला असता.

पकड जराशी ढिली झाली तेवढ्यात मी बोलले. “ते फुटतं ते खोटं हाय, दादा. ते मी चिकटवलंय. नळी आत जाती ती पन मीच ढकलती. मपल्याकडं औषध न्हाई. कुनाकडंच न्हाई अजून. तू मरशील.”

गळ्यावरचा हात गळून पडला. आता दुसरी बसणार म्हणून मी डोळे मिटले, पण त्याने मारलं नाही. तो मातीत बसला.

“मग गावाम्होरं का न्हाई बोललीस?”

त्याने मूठ वळून स्वतःच्याच सुजलेल्या गालावर मारली. मग पुन्हा मारली. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वहिनीने कोयता टाकला आणि आम्ही दोघी त्याच्या एका हाताला लोंबकळलो, तेव्हा कुठे तो थांबला.

रात्री पाथर्डीला दादाच्या कपाळाला टाके आणि गालाला पट्टी करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नगरला त्याच डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशनची वेळ गेली होती. दादा त्यानंतर पाच महिने जगला, आणि ते महिने कसे गेले ते मी लिहिणार नाही. त्या सकाळचं मात्र लिहायलाच हवं. डॉक्टरांनी पट्टी काढली, भोक पाहिलं आणि ते भडकले. तीन महिने घरी बसायला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ती बोलायला तोंड उघडणार तोच दादाने तिचा दंड असा आवळला की ती कळवळली. दुसऱ्या हाताने त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली. “म्याच,” तो म्हणाला.

मग डॉक्टरांनी त्याला फाडून खाल्लं. अडाणी आहेस, हट्टी आहेस, बायकोचा तरी विचार करायचा होतास, स्वतःच्या हाताने जीव घालवलास. कपाळाला टाके पडलेला माझा भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. बोलून दमल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. मी प्राध्यापक आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही तरी यांना समजवायचं होतं.”

मी “हो” म्हणाले.