खिडकीशी येऊन परत जाणारे काका

"माझं काय, मी मोकळाच आहो," असं म्हणून काका रांगेतून बाहेर पडायचे, मागच्यांतला सर्वांत रडवेला चेहरा शोधून त्याला हाताला धरून पुढे आणायचे आणि स्वतः रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहायचे. हे सगळं खिडकीशी पोचल्यावर, बरं का. दोन तास उभं राहून, पुढे एकही माणूस उरलेला नसताना.

खिडकीच्या आत मी. जबलपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं केसपेपरच्या पर्च्या फाडल्या. तुम्हीही कधीतरी अशा खिडकीसमोर उभे राहिला असाल आणि आतली बाई तुमच्यावर खेकसली असेल. ती बाई मी. रांग मोडून पुढे घुसणाऱ्यांवर मी रोज खेकसायची, पण रांगेत उलटं जाणाऱ्यावर कसं खेकसायचं हे मला ठाऊक नव्हतं.

काका मूळचे अमरावतीकडचे, ख्रिस्ती. इथल्याच गोहलपुरात ट्रकचे हॉर्न दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, पण 'बाजूला व्हा' असं ते कधी कोणाला म्हणाले असतील, असं मला वाटत नाही. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. रोज सकाळी येऊन ते रांगेत उभे राहायचे, खेड्यातून बस पकडून उशिरा पोचलेल्यांना नंबर द्यायचे, निरक्षरांचे फॉर्म भरायचे.

एकदा मी फोनवर मराठीत भांडत होते, ते ऐकून त्यांना कोण आनंद झाला. मीही संधी साधून विचारलं, की काका, हे काय खूळ आहे?

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ताई," ते म्हणाले. "माझी कंबर वाकत नाही. उभं राहता येते, म्हणून रांग."

मी पुढच्या पर्चीवर शिक्का मारला.

मग काकांना मोतीबिंदू झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यातच पकडून सांगितलं, की लवकर ऑपरेशन करा, नाहीतर नजर जाईल. ऑपरेशनच्या पर्च्या मंगळवारी निघत. काका दर मंगळवारी रांग लावून खिडकीशी यायचे आणि नंबर दुसऱ्याला देऊन मागे जायचे. असे सहा मंगळवार गेले. मी म्हटलं, रांगेशिवाय पर्ची देते, तर कुणी लाच देऊ केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

तोवर घोटाळे सुरू झाले होते. जवळच्या पाटन गावच्या एका आजीबाईंच्या फॉर्मवर त्यांनी वयाच्या रकान्यात मोबाइल नंबर लिहिला. मझौलीच्या बसचा धडधाकट कंडक्टर कान दाखवायला आला होता, त्याला ते प्रसूतीच्या वॉर्डात बसवून आले. एका मंगळवारी तर भिंतीशी चादर घालून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला अदबीनं आपलं 'मी मोकळाच आहो' हिंदीत म्हणाले, "आप आगे आइए, मैं तो खाली हूँ," आणि उत्तराची वाट पाहत राहिले. अख्खी रांग हसली, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. हा माणूस आंधळा होणार होता, आणि तेही माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर.

सातव्या मंगळवारी मी खऱ्या आजाऱ्यांना शेजारच्या खिडकीवर पाठवलं. माझ्या खिडकीवर काकांच्या मागे अठरा माणसं उभी केली, सगळी ठणठणीत. आमचा गार्ड, कॅन्टीनवाली दीदी, पाटनच्या आजीबाई, बस सोडून आलेला तो कंडक्टर आणि सर्वांत शेवटी माझा नवरा.

काका खिडकीशी पोचले आणि सवयीनं मागे वळून दीदीला म्हणाले, आप आइए. ती म्हणाली, "हमें कुछ नहीं हुआ, चाचा। हम तो खाली खड़े हैं।" कंडक्टरही तेच म्हणाला. गार्डही. काका एकेकाला विचारत थेट टोकाला पोचले. माझा नवरा पुण्याचा, वऱ्हाडी त्याच्या जिभेला कधी शिवली नव्हती. तरी आठवडाभर आरशासमोर घोकलेलं वाक्य त्यानं म्हटलं, "माझं काय काका, मी मोकळाच आहो."

काका परत आले. "ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

मी खिडकीतून डावा हात बाहेर घालून त्यांचं मनगट पकडलं आणि उजव्या हातानं पर्ची लिहायला घेतली. "काका, तुमच्या प्रभूनं पाय धुतले, तेव्हा कोणीतरी धुऊ दिले ना? मग आता गुपचूप उभे राहा."

ते उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूचं असेल म्हणावं, तर माझ्याही डोळ्यांतून येत होतं.

पट्टी निघाल्यावर ते मला बघायला आले. बराच वेळ निरखून म्हणाले, आवाजावरून मी तुम्हाला सत्तरीच्या समजत होतो. तेव्हा मी पन्नाशीचीही नव्हते. पुढच्या मंगळवारी काळा चष्मा लावून ते रांगेत हजर होते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. कब्रस्तानात पाद्री म्हणाले, एकेकानं पुढे येऊन मूठभर माती टाका. लगेच रांग लागली. सर्वांत पुढे कंडक्टर होता. त्यानं मागे पाहिलं, पाटनच्या आजीबाईंना हाताला धरून आपल्या जागी आणलं आणि स्वतः मागे गेला. आजीबाईंनी गार्डला पुढे केलं. गार्डनं माझ्याकडे बोट दाखवलं. पाद्री दोनदा खाकरले.

बावीस वर्षं 'आगे बढ़ो' म्हणून ओरडलेली मी, मुकाट्यानं शेपटाला गेले. तिथे कॅन्टीनवाली दीदी आधीच उभी होती आणि ती मला आपल्या मागे उभं राहू देईना.

"आप आगे जाइए, मैडम। मैं तो खाली हूँ।"

मी कोपरानं तिला पुढे ढकललं. तिनं मला ढकललं. तिकडे पाद्री हातात माती घेऊन ताटकळत होते, आणि रांग मागे मागे सरकत होती.