केस गळलेली माशी

दिल्लीतल्या एका संस्थेत मी माश्या ओळखण्याच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर फरीदाबादहून आलेल्या पन्नाशीच्या बाई बसायच्या. प्रयोगशाळेत माश्या टाचणीला लावता लावताच त्या शिकल्या होत्या. माशी बघताना चपला काढून ठेवायच्या आणि श्वास रोखून धरायच्या.

शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी परीक्षा घेतली. पास झालं तरच नमुन्याच्या लेबलवर माशी ओळखणारा म्हणून आपली सही चालणार होती. एका करड्या माशीपुढे मी घरमाशीचं कुळ लिहिलं, बाईंनी मांसमाशीचं.

"मांसमाशीला पंखाखाली राठ केसांची रांग असते. इथे कुठे आहे?" सर हिंदीत म्हणाले. "बदल दो, मॅडम. एवढ्या एका उत्तरावर नापास व्हाल."

"नमुना जुना आहे, सर. केस गळलेत, पण मुळांचे खड्डे दिसतात."

"मी वीस वर्षं शिकवतोय."

"तो दो मिनट देख लीजिए." बाईंनी उठून आपली खुर्ची मागे ओढली. "बाल झड़ने से खानदान नहीं बदलता, सर."

सर बसले नाहीत. त्यांनी बाईंच्या कागदावर लाल फुली मारली. बाईंनी उत्तर खोडलं नाही.

त्या रिकाम्या खुर्चीत बसून मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. खड्डे होते, एका ओळीत, स्वच्छ. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. तोवर सरांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. माझा कागद मी टेबलावर ठेवला.

"सर, माझं उत्तर चुकलंय. इथे बरोबरची खूण नको."