शिवकन्येची डाव्या हाताची कात्री

लातूरजवळच्या मुरुड येथे बाजाराच्या रस्त्यावर शिवकन्या ब्लाउज शिवते. आमचा प्रौढ साक्षरता वर्गही तीच दुपारी आपल्या दुकानात घेते. अस्तराच्या चिंध्यांतून अक्षरे कापून तिने ती माझ्या हातात दिली. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी, रुक्मिणबाई, वाचू लागले.

शिवकन्या जन्मापासून डावखुरी आहे. बाजारातील कात्री उजव्या हाताची असते. ती डाव्या हातात धरली की कापड पात्यांत दुमडते आणि अंगठ्यावर जोर येतो. वीस वर्षे अशीच कात्री चालवून तिचा अंगठा सुजला. डॉक्टरांनी सांगितले, "असेच चालले तर कापणे बंद करावे लागेल." कापणे बंद म्हणजे दुकान बंद. डाव्या हाताच्या कात्रीसाठी ती लातूर व नांदेड दोन्हीकडे फिरली. ती मिळाली नाही.

शेवटी मोबाईलवर जपानमधील एका दुकानात ती कात्री दिसली. पण शिवकन्येचे मन धजेना.

"मावशी, लई लांबचं दुकान हाय. बिघडली तर परत कुणाला देऊ?"

तिचे पती वैजनाथ हसले. "कात्री आणायलीस का सून? एवढी चौकशी तर सोयरिकीतबी कुणी करत न्हाई."

"तुमचा अंगठा सुजला असता म्हंजे कळलं असतं!"

कात्री घेणाऱ्यांचे अभिप्राय त्याच पानावर खाली होते. मोबाईलने ते मराठीत करून दिले. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. बहुतेकांनी "छान", "उत्तम" असे लिहिले होते. त्याने आमची खात्री पटली नाही. एका परदेशी शिंपिणीने मात्र लिहिले होते, "मीही डावखुरी आहे. पहिला आठवडा पाती जोडणारा खिळा घट्ट लागतो, थेंबभर तेल घाला. तीन वर्षे वापरते. हात दुखत नाही." सोबत झिजलेल्या कात्रीचे छायाचित्र होते.

मी म्हणाले, "पोरी, घे. देवणीच्या बाजारात माझे सासरे बैलाची खोड आधी सांगणाऱ्याचाच बैल घ्यायचे."

कात्री मागवल्यापासून सव्विसाव्या दिवशी पार्सल आले. खिळा खरोखरच घट्ट होता. आम्ही तेल घातले.

येथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लग्नाच्या ब्लाउजला पहिली कात्री डाव्या हाताने लावू नये, असे आमच्याकडे मानतात. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात मी याच कारणाने शिवकन्येकडून कापड परत आणले होते. तिने ते नीट घडी घालून माझ्या हातात दिले होते.

या वेळी मी नात तनुजाच्या लग्नाचे कापड तिच्यापुढे ठेवले. तिने कात्री उचलली आणि थांबली.

"मावशी, पहिली कात्री उजव्या हातानं लावू का?"

"न्हाई. ज्या हातानं माझी अक्षरं कापलीस, त्याच हातानं लाव."

कापड न दुमडता सरळ कापले गेले. तिने अंगठा उघडून, मिटून पाहिला आणि डोळे पुसले.

त्या परदेशी शिंपिणीचे नाव मला ठाऊक नाही. तिचे उपकार मात्र ठाऊक आहेत. म्हणून वर्गाबाहेरचे माझे पहिले लिखाण मी त्याच दुकानाच्या पानावर, शिवकन्येच्या मोबाईलवरून केले: "खिळा घट्ट आहे. तेल घालावे. आमच्या शिवकन्येचा हात आता दुखत नाही."