रंभाबाईचं वजन

बहात्तरच्या दुष्काळात माणसं वाळून काटकी झाली आणि रंभाबाई तेवढी होती तशीच राहिली, ही गोष्ट गल्लीनं तिला कधी माफ केली नाही. नळावर हंडा लावायला गेली की बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "कोन म्हनतंय दुष्काळ हाय? हिच्याकडं बघा की!" आता खरं सांगायचं तर बाई खायची काय? रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, दीड भाकरी आणि लसणाचं तिखट. पण जाड माणसाचं खरं कोण ऐकतंय! त्यात पोटी मूल नाही. मग तर लोकांच्या जिभेला हाडच राहत नाही.

तिचा नवरा कुंडलिक सोलापूरच्या बाजारात तोलार होता. आडतीवर ज्वारीची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हे त्याचं काम. पोत्याला गुडघ्याचा टेकू देऊन वजन कमी दाखवणारे, काटा मारणारे, बाजारात पैशाला पासरी होते. कुंडलिकानं ते कधी केलं नाही. माढ्याकडचे शेतकरी मुद्दाम त्याच्याच काट्याला माल लावायचे. पहिल्या पोत्याला तो 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. तोलारांची जुनी रीत ती.

दुष्काळ सरला आणि कधीच बंद झालेला विटाळ रंभाबाईला परत सुरू झाला. शेजारची दगडाबाई तोंडाला पदर लावून हसली. "पुन्ना न्हान आलं व्हय गं तुला? नशीबवान हायस!" नशीबवान म्हणे! बिचारी चुलीपासून लांब, दाराशी पोतं टाकून बसली. चार दिवसांनी उठायची ती उठेचना. भाकरी भाजून भाजून कुंडलिकाची बोटं पोळली, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की हे काहीतरी वेगळंच आहे. त्यानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या आतलं थोडं काढून तपासायला पाठवलं. मग दोघांना समोर बसवून सांगितलं, "अजून कॅन्सर नाही, पण वाट तीच आहे. पिशवी काढावी लागेल. मात्र या वजनाला आणि या रक्तदाबाला भूल देणं जिवावरचं आहे. पंधरा किलो तरी उतरवा. तोवर या गोळ्या. आणि वजन उतरो न उतरो, दर महिन्याला दाखवून जायचं. विसरू नका."

बाई एवढं पोटतिडकीनं बोलल्या, पण तोलाराच्या कानात काय राहिलं? पंधरा किलो! "वजनाचं माझ्यावर सोडा, बाई," कुंडलिक म्हणाला. वजन हा त्याचा प्रांत. बाकीचं सगळं वाऱ्यावर गेलं.

बाजार बंद असला की तो तिला आडतीवर न्यायचा. रंभाबाई लाजत, पदर सावरत काट्यावर चढायची. तिनं उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार. आणि उपासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर उकडलेला बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काय उगाच पडली? काटा उतरायच्या ऐवजी चढला.

"रंभे, देव पावला बघ, पर काट्यावर!" कुंडलिक हसला. ती मात्र रडायला लागली. "त्या डाक्टरीनबाईला आता काय तोंड दाखवू? म्हनंल, दुष्काळात वाळली न्हाय, ती आता काय वाळनार!"

गोळ्यांनी रक्त थांबलं होतं. गोळ्या संपल्या, तरी काही दिवस थांबलेलंच राहिलं. वजन उतरलं की जाऊ, असं दोघांनी ठरवून टाकलं. कसलं ठरवणं ते!

पुढच्या उन्हाळ्यात काटा आपला आपण उतरायला लागला. उपास सोडलेले होते, तरीही. अर्धी भाकरी ताटात राहायला लागली. "लाभ!" पहिला किलो उतरला तेव्हा कुंडलिक रिकाम्या आडतीत ओरडला. मग दोन, मग तीन. रंभाबाईनं चोळ्यांची शिवण आत घेतली. नळावर बाया म्हणाल्या, "अगं बया, केवडी बारीक झालीस!" जन्मात पहिल्यांदा ती त्या नळावर मान वर करून उभी राहिली. रक्त पुन्हा जायला लागलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. आता थोडंच राहिलंय, कशाला घोर लावायचा, असं तिला वाटलं.

पंधरा पुरे झाले त्या दिवशी कुंडलिकानं पेढे घेतले आणि टांगा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पेढ्याला हातही लावला नाही. रंभाबाईला बाहेर बसवून त्या म्हणाल्या, "दर महिन्याला या म्हटलं होतं ना मी?"

"वजन उतरल्यावर यायचं हुतं की, बाई."

"हे वजन तिनं उतरवलेलं नाही. आजारानं उतरवलंय. पोटभर पसरलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

पोतं हलकं होतं ते उन्हानं, नाहीतर आतल्या किडीनं, हे कुंडलिकाला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. पोत्यात हात घालून बघितल्याशिवाय त्यानं कधी माल घेतला नाही. आणि घरातल्या माणसाला विचारलंसुद्धा नाही, तुझं जेवण का जात नाही म्हणून. हे त्याला आता जन्मभर खाणार होतं.

बाहेर आल्यावर रंभाबाईनं विचारलं, "आपरेशन कवा?"

"जरा जास्तच उतरलं म्हंत्यात," तो म्हणाला. "थोडं अंग भरू दे. मग करू."

ती हसली. "बघा, आता वाढवायला सांगत्यात!" आणि नेटानं जेवायला बसायला लागली. दोन घास गिळायची, तिसरा उलटून पडायचा.

काही दिवसांनी तिनंच हट्ट धरला, मला काट्यावर न्या. तिला धरून चढवावं लागलं. कुंडलिकानं दांडीवरचं वजन सरकवून मागच्या वेळच्या आकड्यावर आणलं. दांडी काही उचलेना. तेव्हा त्यानं पायाचा अंगठा फळीच्या कडेवर ठेवला आणि हळूच भार दिला. दांडी वर आली. जन्मात पहिल्यांदा त्यानं काटा मारला.

"लाभ," तो म्हणाला. मग पोत्याचं वजन पुकारावं तसं मोठ्यानं परत म्हणाला, "लाभ, रंभे. वाढलं बघ."

रंभाबाई खाली बघत होती. त्याचा पाय तिला दिसत होता.

"व्हय की," ती म्हणाली. "वाढलं."