दाजीकाकांची विजेची पेटी

दाजीकाका गेल्याचा निरोप गावाहून, उंद्रीहून आला तेव्हा मी बुलढाण्याच्या छापखान्यात एका पत्रकाची मुद्रितं वाचत होतो. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच... सुटले दुखण्यातून.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नागपूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गावी परतले ते हातानं फिरवायची विजेची पेटी घेऊन. दांडा फिरवला की दोन पितळी मुठींतून बारीक वीज निघे. मुठी दुखऱ्या जागी टेकवल्या की मुंग्या येत आणि कळ घटकाभर दबे. “रोग नाई जात, कळ जाते,” असं ते आधीच बजावत. बाजारच्या दिवशी लिंबाखाली बसत. मुठी सगळ्यांना त्याच. एकदा गावाबाहेरच्या वस्तीतल्या चंद्रभागाबाईच्या कमरेला लावल्या. तिच्यामागे रांगेत गावचे पाटील होते. विटाळ जावा म्हणून त्यांनी मुठींवर गोमूत्र शिंपडायला लावलं. ओल्या मुठींतून वीज जोरात लागते! पाटील बसल्या जागी उडाले.

“काऊन बे दाजी, मारून टाकतं का मले?”

“मी कोरड्याच देत होतो, पाटील. सोवळं तुमचं हाय!”

गेल्या साली काकांच्याच पाठीच्या कण्यात रोग उतरला. पेटीनं थोडा आराम पडे, पण पडल्या पडल्या स्वतः दांडा फिरवता येईना. काकू आधीच गेलेल्या, मी बुलढाण्याला, वडिलांच्या हाताला कंप. हे कळलं तशी चंद्रभागाबाई आपण होऊन आली. मी त्या दिवशी घरीच होतो. वडिलांनी तिला दारात अडवलं, “अंगणातच थांब.” मी संतापून बोलू लागलो, समतेवरची पत्रकं मला तोंडपाठ होती. आतून काकांचा आवाज आला, “भाषण मंग दे बे. आधी बाज वढ.”

मी बाज अंगणात ओढत आणली. दर धक्क्याला ते कण्हत होते... बाईनं दांडा हाती घेतला.

“लय दुखते का, दाजीबापू?”

“फिरव माय... आता बरं वाटून राह्यलं.”

पुन्हा आत चला म्हटलं, तर काकांनी मानेनंच नको म्हटलं. “हिले जिथवर येता येते, तिथंच राहू दे मले.” थंडीवाऱ्यात ते तिथंच राहिले. तिथंच गेले.

मेलेल्याची बाज आमच्याकडे गावाबाहेर टाकतात. वडिलांनी ती टाकू दिली नाही. परवा गेलो तर चंद्रभागाबाई अंगणात त्या रिकाम्या बाजेवर टेकली होती, आणि वडील दारातून पाहत होते. ऊठ म्हणाले नाहीत... आत ये, असंही म्हणाले नाहीत.