आम्रपालीचा एंटर

आम्रपालीच्या हातात माउस द्या आणि गंमत बघा. पडद्यावरचा बाण बेडकासारखा उड्या मारायला लागतो. लहानपणापासून तिचे हात थरथरतात. डॉक्टर झाले, औषधं झाली, थरथर काही गेली नाही. पण तेच हात टेबलाला टेकवून ती कीबोर्डवर बसली, की बघणाऱ्यानं बघतच राहावं!

आईवडिलांबरोबर लातूरहून पुण्याजवळच्या काळेवाडीत आलेली ही मुलगी बीकॉम झाली आणि नोकरीसाठी वणवण हिंडली. मुलाखतीत चहा आला की तिला धडकी भरायची. कप बशीवर वाजला की समोरच्याचे डोळे तिच्या हातांवर, आणि नोकरी गेलीच म्हणून समजा. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत मात्र डिस्पॅचचे मॅनेजर जयसिंगराव भेटले. माणूस कंजूष, चहा विचारलाच नाही. थेट कीबोर्डसमोर बसवलं. जमलं! तेव्हापासून भरलेली गाडी आम्रपालीनं कॉम्प्युटरवर सोडल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही.

गाडी सोडताना पडद्यावर एक चौकट यायची: ‘गाडी सोडायची का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’ आधीच निवडलेलं, त्यामुळे एंटर दाबला की काम फत्ते. केवढी सोय! आणि सोयीसारखं वाईट व्यसन नाही. एकदा शिफ्ट बदलायच्या गडबडीत आम्रपालीच्या बोटानं डोळ्यांची वाट न बघता एंटर दाबला. रांजणगावच्या मालाचे कागद घेऊन तळेगावची गाडी निघून गेली. चूक तिचीच होती आणि तिनं ती लगेच कबूलही केली.

जयसिंगरावांना वरून जी बोलणी बसली ती सांगण्यासारखी नाहीत. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फर्मावलं, “तो एंटर बंद करा! माउसनं, नीट बघूनच गाडी सुटली पाहिजे.”

रोगापेक्षा औषध जालीम! नवी चौकट आली आणि कीबोर्ड मुका झाला. टॅब दाबावा तर निवड चौकटीमागच्या पानावरच फिरत राही. माउस धरावा तर बाण ‘हो’ वरून घसरून ‘नाही’ वर. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, हॉर्नचा नुसता गोंगाट. आम्रपालीनं हात ओढणीखाली घेतले. लाज वाटली की ती तसंच करायची.

“स्टोअरमध्ये लेबलं लावायचं काम आहे,” जयसिंगराव हळूच म्हणाले. “पगार तोच राहील.”

“साहेब, ही खुर्ची मी मिळवलीय. मला शनिवारपर्यंत वेळ द्या.”

आम्रपालीनं सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तसा थेरगावहून केयूर आला. ही चौकट बनवणारा तोच. त्यानं आम्रपालीला माउस धरताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “मॅडम, माउसशिवाय कुणी बसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सॉरी.”

त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला. आता चौकट आली की टॅब तिच्या आतच फिरे, एस्केप दाबला की ती मिटे, आणि निवड आधी ‘नाही’ वर असे. ‘हो’ म्हणायला कीबोर्डवरची बाणाची कळ एकदा, मग एंटर. आम्रपालीला हायसं वाटलं. गाड्या भराभर सुटू लागल्या. पण दुपारी तिनंच केयूरला हाक मारली.

“सर, सवय लागली. बोट आता बाण-एंटर, बाण-एंटर करतंय. मी वाचतच नाही.”

हे ती बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं! केयूरचं तोंड उतरलं. “मग काय पूर्ण नंबर टाइप करायला लावू? रांग पार राजगुरुनगरला जाईल.”

तेवढ्यात खिडकीशी गलका झाला. आम्रपाली बाहेरच्या ड्रायव्हरवर ओरडली, “दत्तोबा, मागं व्हा! आधी बावीसला येऊ द्या!”

“बावीस कोण?” केयूरनं विचारलं.

“गाडी हो. इथं गाडीला पूर्ण नंबरानं कोण ओळखतंय? शेवटचे दोन आकडे, बस्स.”

केयूर खुर्चीतून उडालाच. “तेच! तेच दोन आकडे विचारू! दर गाडीला वेगळे, सवय लागणारच नाही! आणि फक्त कीबोर्डवर!” आम्रपालीला इतका आनंद झाला की तिनं टेबलावर थाप मारली आणि पेनं खाली सांडली.

शनिवारी महिनाअखेरची गर्दी होती. जयसिंगराव हाताची घडी घालून तिच्या मागं उभे. “रांग रस्त्यावर गेली किंवा एक जरी गाडी चुकली, तर स्टोअर.”

ड्रायव्हरांना तर खेळच सापडला. खिडकीशी आला की जो तो आकडा ठोकायचा. “एकाहत्तर!” दोन आकडे, एंटर, सुटली. “शून्य नऊ!” सुटली! गेटवर जत्रेचा उत्साह. रांग आत सरकत होती आणि आम्रपालीचे कान खिडकीकडे लागले होते.

“चौऱ्याऐंशी!” खेडचा दत्तोबा ओरडला. तिनं आकडे टाकले, एंटर दाबला. चौकट लाल झाली आणि जागची हलेना.

“बाय, काय झालं गं? घोळ हाय का काय?”

मागून हॉर्न सुरू झाले. जयसिंगराव पुढं वाकले. आम्रपालीचं बोट पुन्हा एंटरकडे वळलं. पण तिनं वाचलं. दत्तोबानं दाखवलेल्या कागदांवरून पडद्यावर उघडलेली गाडी होती अठ्ठेचाळीस, माल रांजणगावचा.

“दत्तोबा, तुम्हाला जायचंय कुठं?”

“तळेगावला न्हाई का!”

“मग हातातले कागद बघा. तुम्हाला अठ्ठेचाळीसचे दिलेत.”

दत्तोबानं कागद उलटसुलट केले. “आयला! व्हय की!”

तीच चूक, त्याच दोन गावांचा माल, आणि या वेळी गाडी गेटच्या आत! जयसिंगरावांनी तिथूनच केयूरला फोन लावला. “तुमचा तो बॉक्स सगळ्या गेटांवर टाका. हो, आमच्या आम्रपालीचाच.” फोन ठेवून त्यांनी पोऱ्याला पाठवलं नाही, स्वतःच कॅन्टीनला हाक दिली, “दोन चहा!”

कागद बदलून दत्तोबाची गाडी निघाली, तेव्हा त्यानं हॉर्न वाजवून हात हलवला. आम्रपालीनंही हलवला. हात चांगलाच थरथरत होता. चहा आला, कप बशीवर वाजला, आणि तिनं तो सगळ्यांसमोर, वाजत वाजतच तोंडाला लावला.